नलारबोरच्या वाटेवर

सेडूना हे दक्षिण ऑस्ट्रेलियातील एक लहानसे किनारी गाव. तेथील रुग्णालयाची पाटी मागे पडली की पश्चिमेकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावरचे पुढचे रुग्णालय येते ते नॉर्समन या गावी, सुमारे १,२०० किलोमीटरवर. मध्ये एखाद-दुसरे लहान आरोग्य केंद्र आहे. बाकी खुरटी झुडपे, चुनखडीचे सपाट पठार आणि आभाळ. कराडहून निघून नागपूर गाठावे आणि निम्म्याहून अधिक वाट परत यावे, साधारण तेवढे हे अंतर. नकाशा पाहताना इतरांना समुद्र दिसतो, उंच कडे दिसतात. तीस वर्षे दवाखाना चालवलेल्या माणसाला आधी हे असले अंतर दिसते. त्याला इलाज नाही.

मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त ॲडलेडहून पर्थला बिऱ्हाड हलवीत होते. जावयाने विमानाऐवजी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, भाड्याने घेतले आणि आम्हा दोघांनाही त्यात बसविले. एकूण वाट २,७०० किलोमीटरांच्या आसपास. त्यातला पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन हा आयर महामार्ग. एडवर्ड जॉन आयर याने १८४१ मध्ये हा प्रदेश पायी आणि घोड्यावरून पार केला. त्याच्या नावाच्या या रस्त्यावर शेवटपर्यंत डांबर पडायला मात्र १९७६ साल उजाडले. नलारबोर हे नाव लॅटिन आहे. अर्थ 'एकही झाड नाही'. नाव ठेवणाऱ्याने अतिशयोक्ती केलेली नाही.

जुलै महिना म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. थंडीला कंटाळलेले निवृत्त लोक या दिवसांत दक्षिणेकडची घरे बंद करून मोटरहोम किंवा कॅरव्हॅन घेऊन उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे निघतात आणि तीन-चार महिने परतत नाहीत. तेथे त्यांना 'ग्रे नोमॅड्स' म्हणतात. आपण 'पिकल्या केसांचे भटके' म्हणू. सत्तरीचे जोडपे, मागच्या काचेवर चिकटवलेले विनोदी वाक्य: 'आम्ही मुलांचा वारसा खर्च करीत आहोत'. हे वाचून माझी पत्नी आधी हसली आणि मग बराच वेळ गप्प राहिली. कराडच्या प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींना हे वाक्य दाखवले तर काय होईल, याचा मीही विचार करीत होतो.

आमचा मुक्काम नलारबोर रोडहाऊसच्या आवारात होता. रोडहाऊस म्हणजे डिझेलचा पंप, खाणावळ आणि राहण्याच्या खोल्या असे तिन्ही एकत्र. दिवस मावळताना कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून चार-साडेचारलाच गाड्या थांबू लागतात. पाचच्या सुमारास कोणीतरी एक घडीची खुर्ची बाहेर मांडतो. पाहता पाहता आठ-दहा खुर्च्यांचे रिंगण होते. कोणी कोणाला आमंत्रण देत नाही, नाव विचारण्याचीही घाई नसते. पहिला प्रश्न असतो, 'कुठून आलात?' आणि दुसरा, 'गाडी कशी आहे?'

त्या रात्री सगळ्यांचीच एक अडचण समान होती. पुढे १८४ किलोमीटरवर पश्चिम ऑस्ट्रेलियाची हद्द लागते. तेथील तपासणी नाक्यावर फळे, ताज्या भाज्या, मधसुद्धा काढून घेतात. शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून हा कडक नियम. तेव्हा हद्दीच्या आदल्या रात्री प्रत्येक गाडीत उरलेल्या भाज्या संपविण्याचा कार्यक्रम असतो. बहुतेकांनी सूप केले होते. माझ्या पत्नीने फ्लॉवर, बटाटे, टोमॅटो, ढोबळी मिरची सगळे एकत्र शिजवून पावभाजी केली आणि मोठे पातेले रिंगणात नेऊन ठेवले. त्यानंतर आम्ही परके राहिलो नाही.

माझ्या शेजारी बसलेले, पूर्वी रेल्वेच्या कारखान्यात काम केलेले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ पलीकडच्यांना सांगत होते, 'सकाळी साठ होते, दुपारी सहासष्टवर गेले.' माझ्यातला डॉक्टर सावरून बसला. मग कळले की गोष्ट टायरमधल्या हवेची चालली आहे. पलीकडच्यांनी विचारले, 'थंड असताना मोजले होते ना? गाडी चालून आली की ते वाढणारच. मोजायचे ते सकाळी, निघण्यापूर्वी.' मला राहवले नाही. रक्तदाबाचेही हेच आहे, मी म्हणालो. जिना चढून आल्याबरोबर, चहा पिता पिता किंवा फोनवर बोलताना मोजलेला आकडा म्हणजे तापलेल्या टायरचा आकडा. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर सपाट असावेत, दंड छातीच्या पातळीला आधार देऊन ठेवावा, आणि रोज साधारण एकाच वेळी मोजावे. दवाखान्यात हे मी हजारदा सांगितले असेल. इतक्या लवकर कोणाला पटलेले पाहिले नव्हते.

यंत्राच्या बोलण्यातून शरीराचे बोलणे कसे निघते, हे त्या रिंगणात पाहण्यासारखे होते. प्रकृती कशी आहे असे विचारले तर त्यांतला प्रत्येक जण 'उत्तम' एवढेच म्हणाला असता. पण बॅटरीचा विषय निघाला तेव्हा एकाने सांगितले की रात्री बॅटरी लवकर उतरते, कारण झोपेत श्वास अडतो म्हणून तोंडावर लावायचे यंत्र रात्रभर चालते. त्यातली हवा दमट करणारा तापक बंद ठेवला तर विजेचा खप बराच कमी होतो. दुसऱ्याने सांगितले की गाडीत संडास असलेली मोटरहोम त्याने मुद्दाम घेतली, रात्री चारदा उठावे लागते. प्रोस्टेट हा शब्द त्याने उच्चारला नाही, आणि कोणी विचारलाही नाही. संडासाची पेटी कोठे आणि कशी रिकामी करायची यावर मात्र दहा मिनिटे तपशीलवार चर्चा झाली. एक बाई प्रवासात पाणीच पीत नसत, थांबावे लागते म्हणून. हे आपल्याकडच्या एसटीने प्रवास करणाऱ्या आजींचेही आहे. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी चालू असताना पाणी तोडले की उभे राहताना भोवळ येते, पडणे होते, आणि त्या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड. त्यापेक्षा दर दोन तासांनी थांबावे, चार पावले चालावे. पायांतल्या रक्तप्रवाहालाही ते हवेच असते.

सर्वांत लक्षात राहिला तो फ्रिजचा किस्सा. एका निवृत्त शिक्षिकेची साखर तीन आठवडे वर होती. खाण्यात चूक झाली असेल म्हणून त्यांनी गोड तोडले, भात तोडला, स्वतःला दोष दिला. अशा गाड्यांतले गॅसवरही चालणारे फ्रिज गाडी समतल उभी असेल तरच नीट गार करतात. त्यांचे यजमान मिळेल त्या उतारावर गाडी लावीत होते. फ्रिज नावापुरता चालू होता आणि आतला इन्सुलिनचा साठा बिघडला होता. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते आणि ते गोठूही द्यायचे नसते. वापरात घेतलेले पेन उष्णतेपासून आणि उन्हापासून जपून साधारण चार आठवड्यांत संपवायचे असते, नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. आपल्याकडे भारनियमनाच्या गावांत फ्रिज चार-सहा तास बंद असतो, आणि साखर वाढली की दोष नेहमी आजींच्या जिभेला दिला जातो. यापुढे मी आधी फ्रिजची चौकशी करणार आहे.

आणखी एक. थंडीमुळे कोणीतरी गाडीतली गॅसची शेगडी पेटवून दारे-खिडक्या बंद करून झोपल्याचे सांगितले. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण मुलीने माझ्याकडे पाहिले. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपल्याकडे न्हाणीघरातल्या गॅस गीझरने असेच बळी घेतले आहेत. तेथे मी डॉक्टर म्हणून नोंदलेला नाही, त्यामुळे कोणालाही औषध सुचवायचे नाही असे स्वतःला बजावून बसलो होतो. पण खिडकी उघडा हे सांगायला परवाना लागत नाही.

आता त्या रेल्वेतल्या गृहस्थांकडे येतो. त्यांच्या पत्नी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सडपातळ आणि कमी बोलणाऱ्या. पुढे हद्दीजवळच्या युक्ला परिसरात घड्याळ पाऊण तास मागे जाते, आणि पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियाची वेळ लागली की आणखी पाऊण तास. तेव्हा रात्रीच्या गोळ्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या, हा प्रश्न कोणीतरी काढला. त्या बाई म्हणाल्या, 'आम्ही एक घड्याळ घरच्या वेळेवरच ठेवतो. गोळ्यांचे घड्याळ.' मग यजमानांकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'ते सांभाळण्याचे काम यांचे. गाडी माझी.' यजमानांनी मान डोलावली. मी कुतूहलाने विचारले, आणि त्यांनी जे सांगितले त्यासाठी हा लेख लिहिला.

दोन वर्षांपूर्वी क्वीन्सलँडच्या आतल्या भागात एका कच्च्या रस्त्यावर यजमानांच्या छातीत दुखू लागले. घाम आला, चेहरा पांढरा पडला. बाईंनी त्यांना खाली उतरविले, सावलीत टेकवून बसविले. एवढे त्यांना जमले. पण बारा वर्षे त्या गाडीतून फिरूनही त्यांनी ती एकदाही चालवली नव्हती. उपग्रहावरून चालणारा फोन होता, तो सुरू कसा करतात ते माहीत नव्हते. पाऊण तासाने एक मालट्रक आला. त्याच्या चालकाने रेडिओवरून जवळच्या गुरांच्या मळ्याशी संपर्क साधला आणि मळ्यावरच्या लोकांनी 'फ्लाइंग डॉक्टर' सेवेला फोन जोडून दिला.

या सेवेविषयी थोडे सांगायला हवे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या धडपडीतून १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरी गावातून तिचे पहिले विमान उडाले. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर याने पायाने पेडल मारून वीज करणारा रेडिओ तयार केला आणि शेकडो मैलांवरच्या एकाकी घरांना डॉक्टरचा आवाज मिळाला. दुर्गम मळ्यांवर आजही या सेवेची औषधपेटी असते. तीत प्रत्येक औषधाला क्रमांक दिलेला असतो, म्हणजे घाबरलेल्या माणसाला अवघड नाव वाचावे लागत नाही. डॉक्टर फोनवर क्रमांक सांगतात. रिंगणातल्या एकाने लगेच जुना विनोद ऐकविला, की नऊ क्रमांकाची गोळी संपली म्हणून एकाने चार आणि पाच क्रमांकाच्या मिळून दिल्या. आयर महामार्गावर तर काही ठिकाणी रस्त्याचीच धावपट्टी होते. डांबरावर जाड पांढरे पट्टे आणि बाजूला पाटी. दुपारी आमची गाडी अशा एका पट्ट्यावरून गेली तेव्हा जावयाने वेग कमी केला नाही, पण मी मनातल्या मनात हात जोडले.

तर फोनवरच्या डॉक्टरांनी बाईंना विचारले: वय किती? पूर्वीचा आजार? कोणती औषधे, किती मात्रेची? कशाची ॲलर्जी? बाईंनी सगळे न अडखळता सांगितले, कारण गोळ्यांचे खाते त्यांच्याकडे होते. मग प्रश्न आला: 'तुम्ही नेमक्या कोठे आहात?' आणि बाई थांबल्या. नकाशा यजमान पाहत. शेवटचे गाव कधी मागे पडले, कोणत्या फाट्यावरून वळलो, काहीच सांगता येईना. यजमानांना ठिकाण अचूक माहीत होते. पण ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते. उलट झाले असते, म्हणजे बाई आजारी पडल्या असत्या, तर यजमानांनी रस्ता सांगितला असता आणि औषधे सांगता आली नसती. 'पन्नास वर्षांच्या संसारात आम्ही ज्ञानाची अर्धी अर्धी वाटणी केली होती,' बाई म्हणाल्या, 'आणि दोघांकडेही अर्धेच होते.'

त्या दिवशी ट्रकचालकाला ठिकाण ठाऊक होते, म्हणून निभावले. विमान मळ्याच्या धावपट्टीवर उतरले, शहरात नेऊन हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला. घरी परतल्यावर बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी ती मोठी गाडी चालवायला शिकवणी लावली. यजमानांनी आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरायला घेतला. पहिले दोन महिने दोघेही एकमेकांवर चिडत होते, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. गाडी मागे घेताना बाईंनी एक झाड पाडले. यजमानांनी एकदा रात्रीची गोळी सकाळच्या कप्प्यात भरली; तेव्हापासून ते डबा भरतात आणि बाई तो एकदा तपासतात.

बाईंनी मला गाडीत नेऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेला कागद दाखविला. वरच्या अर्ध्या भागात गाडी: उंची, वजन, टायरमधली हवा, टायर कोणत्या वर्षी बनले तो टायरवर कोरलेला आकडा (झिजला नसला तरी टायर वयाने निकामी होतो), तेल कधी बदलले, गॅसची टाकी कशी बंद करायची. खालच्या अर्ध्या भागात ती दोघे: जन्मतारखा, आजार, औषधांची नावे आणि मात्रा, ॲलर्जी, स्टेंटची तारीख, डॉक्टरांचा आणि मुलाचा फोन. शेवटची ओळ रोज रात्री पेन्सिलीने बदलतात: आज आपण कोठे आहोत.

परत येऊन बसलो तेव्हा बाईंनी माझ्या पत्नीला सहज विचारले, 'तुझे यजमान काय घेतात?' पत्नी म्हणाली, 'टेल्मिसार्टन चाळीस, सकाळी. रात्री कोलेस्टेरॉलची दहाची. पेनिसिलिन चालत नाही.' मग बाई माझ्याकडे वळल्या. 'आणि ही?' थायरॉइडची गोळी, मी म्हणालो. 'किती?' मी म्हणालो, पन्नास. पत्नी शांतपणे म्हणाली, 'पंच्याहत्तर. दोन वर्षे झाली.' रिंगणात हशा पिकला. मीही हसलो. पण पहिली चिठ्ठी माझ्याच हातची होती, आणि मात्रा बदलली ती आमच्याच गावातल्या माझ्या मित्राने. घरी ती बातमी मला कोणी सांगितली नव्हती असे नाही. मी ऐकली नव्हती.

त्या रात्री झोप लागायला वेळ लागला. दवाखान्यातली एक रात्र आठवत होती. सत्तरीच्या एक बाई यजमानांना रिक्षातून घेऊन आल्या होत्या. दारात स्वतःची मोटार उभी, पण ती फक्त यजमान चालवीत. त्यांना यजमानांच्या साखरेचे आकडे पाठ होते. मुलाचा पुण्याचा नंबर यजमानांच्या फोनमध्ये, आणि फोनला कुलूप. विम्याचे कार्ड कोणत्या कपाटात, ते यजमानांनाच ठाऊक. असे पुरुषही पुष्कळ येतात, 'औषधांचे हिला विचारा' म्हणणारे. आणि ती गेल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून गोळ्यांची सुटी पाकिटे टेबलावर ओतणारे. त्यांना मी बेफिकीर समजत असे. वास्तविक त्यांच्या घरातली वाटणी तशी झालेली असते, आणि ती प्रेमानेच झालेली असते. अडचण एवढीच की ती वाटणी आजारपणाच्या दिवशी उलगडता येत नाही. काळजी घेणाऱ्या मुला-सुनांनीही एकदा पाहावे: घरातली सगळी माहिती कोणा एकाच्या डोक्यात साठली आहे का, आणि ती व्यक्ती सगळ्यांत वयस्कर तर नाही ना.

सकाळी गार वारा सुटला होता. बाई चालकाच्या जागेवर बसल्या, उशी पाठीशी घेतली. यजमान आधी गाडीभोवती एक फेरी मारून आले, चारही टायरांची हवा मोजून एका वहीत लिहिली, मग मागे उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करू लागले. गाडी हळूहळू मागे आली, वळली. यजमान धापा टाकीत शेजारच्या जागेवर चढले. जाताना त्यांनी खिडकीतून गोळ्यांचा डबा वर धरून मला दाखविला. त्या दिवसाचा सकाळचा कप्पा रिकामा होता.

पुढे कायगुना आणि बॅलॅडोनिया यांच्यामध्ये रस्ता १४६.६ किलोमीटर एकदाही वळत नाही. त्या सरळ पट्ट्यावर मी डिझेलच्या पावतीच्या मागे दोन याद्या लिहिल्या, एक माझी, एक पत्नीची. जावयाला गॅसची टाकी बंद करायची पद्धत विचारून घेतली. यादी पत्नीला वाचायला दिली. तिने चष्मा लावला, थायरॉइडच्या पंच्याहत्तरपुढे 'उपाशीपोटी' असे लिहिले, आणि खालच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, 'अहो, आपण आत्ता कुठं आहोत, ते लिहा ना.'